‘फुकट’ सल्ल्याचे पैसे कोण देतो? परदेशी शिक्षण, कन्सल्टन्सी आणि आपली मुले

निकालांचे दिवस आले की नागपूर, अमरावती, नांदेड, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत ‘स्टडी अब्रॉड’चे मेळावे भरू लागतात. दारावर फलक असतो : समुपदेशन मोफत, अर्ज शुल्क माफ, जागेवर ऑफर लेटर. काही वर्षांपूर्वीपर्यंत या मेळाव्यांत आपल्या वस्त्यांमधली मुले क्वचितच दिसत. आता दिसतात. आई अंगणवाडी सेविका, वडील एसटीत किंवा नगरपालिकेत, आणि मुलगी लंडनच्या एमएस्सीचे माहितीपत्रक हातात घेऊन उभी, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. बाबासाहेबांनंतर शंभर वर्षांनी परदेशी विद्यापीठाचे दार आपल्या सामान्य घरांतूनही ठोठावले जाते आहे, याचा आनंद आहेच.

पण या मेळाव्यांतून बाहेर पडताना अनेक पालकांच्या हाती एक ऑफर लेटर आणि शैक्षणिक कर्जाचा एक फॉर्म असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य आणि केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे, ती संपूर्ण शिक्षण शुल्क भरते, हे तिथे त्यांना कोणी सांगितलेले नसते. सांगितले असले तरी ‘ते फार अवघड असते, त्यात वेळ जाईल’ एवढ्यावर विषय संपतो. हे का घडते, याचे उत्तर त्या व्यवसायाच्या पैशात आहे. सगळेच सल्लागार लबाड असतात असे नाही. पण कोणाचे उत्पन्न कुठून येते हे कळले, तर कोणता सल्ला मिळणार आणि कोणता मिळणार नाही, हे आधीच ओळखता येते.

सल्ला मोफत कसा परवडतो?

शहरातल्या चौकात भाड्याचे कार्यालय, चार-पाच कर्मचारी, वर्तमानपत्रात जाहिराती, आणि विद्यार्थ्याकडून एक रुपयाही नाही. हा खर्च निघतो विद्यापीठांच्या कमिशनमधून. विद्यार्थी प्रवेश घेऊन शुल्क भरतो, तेव्हा त्याच्या पहिल्या वर्षाच्या शुल्काचा ठरावीक हिस्सा विद्यापीठ एजंटला देते. हा हिस्सा साधारण १० ते २० टक्के असतो, काही ठिकाणी त्याहूनही अधिक.

समजा, ब्रिटनमधल्या एखाद्या विद्यापीठाच्या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क १८,००० पौंड आहे आणि कमिशन १५ टक्के आहे. एका प्रवेशामागे एजंटला २,७०० पौंड मिळतात, म्हणजे अंदाजे तीन लाख रुपये. ही रक्कम ज्या विद्यापीठाशी करार आहे त्याच्याकडूनच मिळते. जगातल्या अगदी वरच्या क्रमांकांच्या अनेक विद्यापीठांना विद्यार्थी शोधत फिरण्याची गरज नसते, त्यांच्याकडे अर्जांचा ढीग असतो. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांचे उदाहरण तर बोलके आहे. तिथे बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्कच नाही, फक्त सत्राचे किरकोळ योगदान भरावे लागते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य आणि म्युनिकचे तांत्रिक विद्यापीठ असे काही अपवाद आहेत. जिथे शुल्कच नाही तिथे कमिशन कशाचे? म्हणून ‘मोफत’ समुपदेशनात जर्मनीचे सरकारी विद्यापीठ शेवटी येते, किंवा त्याऐवजी तिथलेच एखादे भरमसाट शुल्काचे खासगी विद्यापीठ सुचवले जाते.

याचा अर्थ एजंटच्या यादीतले प्रत्येक विद्यापीठ वाईट, असा नाही. पण ती यादी करारांतून तयार झालेली असते. आपल्या मुलीच्या गुणपत्रिकेतून, तिच्या विषयातून आणि घरच्या ऐपतीतून यादी तयार केली तर ती बऱ्याचदा वेगळीच निघेल.

शिष्यवृत्तीची यादी निराळीच

आपल्या विद्यार्थ्यांसाठी हा फरक जास्त महाग पडतो. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे. दरवर्षी ७५ जागा आहेत. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडे आणि आरोग्य विमा तिच्यात येतो. मुख्य अट अशी की विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असले पाहिजे. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १९५४-५५ पासूनची. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत, उरलेल्या भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. तिथे क्रमवारीची अट पहिल्या ५०० ची, पदवीला किमान ६० टक्के गुण, वय ३५ च्या आत आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत.

आता या दोन याद्या शेजारी ठेवा. एजंटने सुचवलेले विद्यापीठ क्रमवारीत ६५० वे असेल, तर ऑफर लेटर खरे असूनही ते दोन्ही शिष्यवृत्त्यांसाठी बाद. विद्यार्थ्याला हे कळते तेव्हा अनेकदा अनामत रक्कम भरून झालेली असते आणि इतर विद्यापीठांच्या अर्जांची मुदत संपलेली असते. इथे आणखी एक फसगत होते. ‘टॉप १००’ म्हणून जाहिरात केलेले विद्यापीठ कधी एखाद्या विषयाच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात असते, कधी भलत्याच संस्थेच्या क्रमवारीत. शिष्यवृत्तीसाठी त्या वर्षीच्या जाहिरातीत लिहिलेली क्रमवारीच चालते. ती क्यूएसच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते.

दुसरी गोष्ट ऑफर लेटरची. ऑफर दोन प्रकारची असते : सशर्त आणि विनाअट. अंतिम गुणपत्रिका, इंग्रजी चाचणीचे गुण किंवा अनामत रक्कम बाकी असेल तर ती सशर्त. शिष्यवृत्तीसाठी विनाअट ऑफर लागते. मेळाव्यात ‘जागेवर’ मिळणारे पत्र बहुधा सशर्त असते. ते घरी आणून पेढे वाटण्याआधी एकदा नीट वाचावे.

वेळापत्रक चुकले की सगळे चुकते

कन्सल्टन्सीचे मेळावे निकालानंतर भरतात, कारण तेव्हा पालक पैसे भरायला तयार असतात. चांगल्या विद्यापीठाच्या अर्जाचा हंगाम मात्र त्याच्या कितीतरी आधीचा असतो. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाचे अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून सुरू होतात, आणि नावाजलेल्या विद्यापीठांच्या मुदती डिसेंबर-जानेवारीतच संपतात. म्हणजे तयारी पंधरा महिने आधी सुरू व्हायला हवी, पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच.

त्या पंधरा महिन्यांत काय काय करावे लागते? पासपोर्ट. आयईएल्टीएस किंवा तत्सम इंग्रजी चाचणी, जिचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात. विद्यापीठाकडून अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट, ज्याला आपल्याकडच्या विद्यापीठांत कधी आठवडे तर कधी महिने लागतात. दोन किंवा तीन शिफारसपत्रे. इथे तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलांची हमखास अडचण होते : परदेशी विद्यापीठाला प्राध्यापकाचा महाविद्यालयीन ईमेल पत्ता हवा असतो, आणि आपल्या सरांकडे साधा जीमेल असतो. यावर उपाय आहे. प्राचार्यांच्या सहीचे लेटरहेडवरचे पत्र द्यावे आणि विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेल करून अडचण आधीच कळवावी. पण हे शेवटच्या आठवड्यात होत नाही. जर्मनीला जायचे असेल तर एपीएस प्रमाणपत्र लागते आणि वर्षभराच्या राहण्याखाण्यासाठी ब्लॉक्ड खात्यात ११,९०४ युरो दाखवावे लागतात, तेव्हा ‘शुल्क नाही’ म्हणजे ‘खर्च नाही’ असा समज करून घेऊ नये.

याशिवाय आपली स्वतंत्र कागदपत्रे : जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला. बौद्ध कुटुंबांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. मात्र केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याच्या नमुन्यातला ‘नवबौद्ध’ दाखला जोडून अर्ज त्रुटीत निघाला, तर दुसरा दाखला मिळेपर्यंत मुदत निघून जाते. हे काम तहसील कार्यालयात सहा महिने आधी करून ठेवावे.

सरकारही मुलांना एजंटकडे ढकलते

सगळा दोष कन्सल्टन्सीच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते अर्धेच सत्य होईल. शिष्यवृत्तीवर विसंबून राहण्यात धोका वाटावा, अशी परिस्थिती सरकारनेच निर्माण केली आहे.

२०२२ मध्ये केंद्राच्या योजनेत नवी अट आली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी शिष्यवृत्ती मिळणार नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियातल्या एका चर्चासत्रात जातीसंस्थेवरचा निबंध वाचला होता. आज एखाद्या मुलाने परदेशात नेमके त्याच विषयावर संशोधन करायचे म्हटले, तर ही शिष्यवृत्ती त्याच्यासाठी नाही. २०२४ मध्ये राज्याच्या योजनेत दहावी, बारावी आणि पदवीला ७५ टक्क्यांची अट आणि शिक्षण शुल्कावर कमाल मर्यादा आणली गेली. विद्यार्थी व संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. अर्जाच्या तोंडावर नियम बदलू शकतात, हा धडा मात्र सगळ्यांनी घेतला. २०२५-२६ साठी केंद्राच्या योजनेत १०६ विद्यार्थी निवडले गेले, पण सुरुवातीला फक्त ४० जणांना तात्पुरती पत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आले की निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळेल. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार, व्हिसासाठी पैशांचा पुरावा हवा, आणि निवड झालेला विद्यार्थी जुलैमध्ये ‘निधी उपलब्ध झाल्यास’ हे शब्द वाचत बसलेला.

आर्थिक आधार अर्ध्यावर सुटला की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने १९१३ मध्ये बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ती संपली आणि १९१७ मध्ये लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, यांच्या आधारावर ते १९२० मध्ये परत गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. तीन वर्षांची खीळ बसली होती. त्यांनी ती भरून काढली. पण प्रत्येक मुलाकडून तशी अपेक्षा ठेवून धोरणे आखता येत नाहीत.

अशा अनिश्चिततेत पालक घाबरतात आणि ‘कर्ज काढा, जानेवारीच्या बॅचला पाठवतो’ म्हणणारा एजंट त्यांना भरवशाचा वाटतो. जमीन नसलेल्या घरात राहते घर तारण जाते. त्यातच त्या देशांचे नियम बदलत राहतात. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास बंदी केली, आणि शिक्षणानंतर कामासाठी थांबण्याची मुदत २०२७ पासून दोन वर्षांवरून दीड वर्षावर येते आहे. कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. ‘तिथे गेल्यावर नोकरी करून कर्ज फेडशील’ हे वाक्य दोन वर्षांपूर्वीच्या नियमांवर आधारलेले असू शकते.

फसवणूक झाली तर दाद कुठे मागायची?

२०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर, त्यातल्या बहुतेक पंजाबच्या, परत पाठवले जाण्याची वेळ आली. त्यांच्या एजंटने जोडलेली प्रवेशपत्रे बनावट निघाली. मुलांनी पैसे खरे भरले होते, पण अर्जावर सही त्यांची होती. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. व्हिसाच्या अर्जातील खोट्या कागदाची जबाबदारी अर्जदारावर येते. ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षे व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

१९८३ चा स्थलांतर कायदा परदेशात कामगार पाठवणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची करतो. शिक्षणासाठी पाठवणारे सल्लागार त्या कक्षेत येत नाहीत. उद्या कोणीही गाळा घेऊन ‘ओव्हरसीज एज्युकेशन’चा फलक लावू शकतो. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण त्यासाठी पावती हवी, लेखी करार हवा. रोखीने दिलेल्या पैशांची दाद कोणाकडे मागणार?

ज्यांच्या शाळेतच सल्लागार असतो

मुंबई-पुण्यातल्या आयबी किंवा केंब्रिज अभ्यासक्रमाच्या आंतरराष्ट्रीय शाळांत मुलगा नववीत गेला की त्याला समुपदेशक मिळतो. कोणते विषय घ्यायचे, उन्हाळ्यात कोणता प्रकल्प करायचा, कोणत्या शिक्षकाचे शिफारसपत्र घ्यायचे, निबंधाचा मसुदा कितीदा लिहायचा, हे सगळे चार वर्षे चालते. त्याचे पैसे शाळेच्या काही लाखांच्या वार्षिक शुल्कातच आलेले असतात. म्हणून तो सल्लागार पालकांशी बांधील असतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून समाजकल्याणच्या वसतिगृहात आणि तिथून तालुक्याच्या महाविद्यालयात पोहोचलेल्या मुलीशी बांधील असलेला सल्लागार कोण? ही पोकळी एजंट भरतो. गुणवत्ता दोघांत सारखी असली तरी एकाने दहा मसुदे लिहिलेले असतात आणि दुसरीच्या नावाने एजंटने तयार साच्यातला उद्देशपत्राचा मजकूर पाठवलेला असतो, जो त्याच आठवड्यात आणखी वीस जणांच्या नावाने गेलेला असतो. प्रवेश समितीला तो लगेच ओळखू येतो. ज्या मुलीने वसतिगृहात राहून पाण्याच्या प्रश्नावर प्रकल्प केला, तिच्याजवळ स्वतःचे सांगण्यासारखे कितीतरी असते. गरिबीचे वर्णन करून सहानुभूती मागायची गरज नाही. मला काय शिकायचे आहे, आतापर्यंत त्या दिशेने काय केले आणि परतून काय करणार, एवढे साध्या इंग्रजीत सांगितले तरी ते पत्र साच्यातल्या मजकुरापेक्षा वजनदार ठरते.

विद्यार्थ्यांनी काय करावे

पहिले, शिष्यवृत्तीच्या अटींपासून सुरुवात करावी आणि विद्यापीठांची यादी त्यावरून स्वतः तयार करावी. जाहिरात दरवर्षी नव्याने, मूळ सरकारी संकेतस्थळावर वाचावी, कारण अटी बदलतात.

दुसरे, दोनच योजनांवर थांबू नये. ब्रिटनच्या चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी तीन वर्षांचा. जर्मनीच्या डाडच्या विकासविषयक अभ्यासक्रमांसाठीही अनुभव मोजला जातो. म्हणजे पदवीनंतर नोकरी धरावी लागली म्हणून दार बंद झाले, असे नाही. चेव्हनिंग आणि फुलब्राइटच्या अर्जाला शुल्क नाही आणि एजंटचीही गरज नाही.

तिसरे, कन्सल्टन्सीकडे गेलातच तर तीन प्रश्न विचारा. या विद्यापीठाकडून तुम्हाला कमिशन मिळते का? ज्यांच्याशी तुमचा करार नाही तिथे अर्ज करायला मदत कराल का, आणि किती पैशांत? माझ्या अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड माझ्याकडे राहील का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर उठून यावे. अर्ज स्वतःच्या ईमेलवरून झाला की विद्यापीठाचे प्रत्येक पत्र थेट आपल्याला येते आणि खरे-खोटे कळते.

चौथे, शिष्यवृत्तीचा निकाल लांबला तर विद्यापीठाला लिहावे. सरकारी शिष्यवृत्तीची प्रक्रिया सुरू असल्याचा पुरावा जोडून अनामतीला मुदतवाढ किंवा प्रवेश पुढच्या वर्षी नेण्याची विनंती करता येते. अनेक विद्यापीठे ती मान्य करतात. पण न विचारता कोणी देत नाही.

समाजाने काय करावे

सरकारकडे मागणी स्पष्ट हवी : शिष्यवृत्तीच्या जाहिरातीची आणि निकालाची तारीख विद्यापीठांच्या हंगामाशी जुळवा, निवड झालेल्या प्रत्येकाला निधीची हमी द्या, प्रत्येक जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात या विषयाचा जाणकार माणूस नेमा, आणि शैक्षणिक सल्लागारांना नोंदणी व कमिशनची माहिती उघड करणे सक्तीचे करा.

मागणी करत असतानाच काम सुरूही करता येते. यवतमाळच्या मातीतून उभ्या राहिलेल्या एकलव्य फाउंडेशनने आणि वर्ध्याच्या नालंदा अकादमीने दाखवून दिले आहे की पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना योग्य वेळी मार्गदर्शन मिळाले की ते देशातल्या आणि परदेशातल्या नामांकित संस्थांत पोहोचतात. परदेशात शिकून आलेली आपली माणसे आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांनी वर्षातून दोन विद्यार्थ्यांचे अर्ज वाचायचे ठरवले, तरी कन्सल्टन्सी लाखांत विकते ते काम धम्मदान म्हणून होईल. विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास, एक लॅपटॉप आणि इंटरनेट, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

आणि एक योगायोग आपल्या बाजूने आहे. परदेशी विद्यापीठांच्या अर्जांचा हंगाम ऑक्टोबरमध्ये जोर धरतो. त्याच महिन्यात लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात, पुस्तके घेऊन परततात. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी आरोग्य तपासणीचे तंबू असतात, अन्नदानाच्या रांगा असतात. यंदा तिथे एक टेबल परदेश शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शनाचे असावे. दाखल्यांची यादी, तारखांचा तक्ता, आणि स्वतः जाऊन आलेला एखादा दादा किंवा ताई. पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलगी तिथे पोहोचली, तर तिच्या हातात अजून पुरेसा वेळ असेल.